नव्या फिश टँकच्या काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येतोय, काय करू?

औषध टाकू नका. थर पुसत राहा आणि टँक मुरू द्या (म्हणजे त्यात उपयुक्त जिवाणू स्थिरावू द्या), बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. हा थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवालांचा असतो. पाण्यातल्या आणि नव्या वाळूतल्या सिलिकेटपासून (सिलिकॉनयुक्त क्षारापासून) ते आपलं कवच बनवतात, म्हणून नव्या टँकमध्येच जास्त दिसतात. काच मऊ स्पंजने पुसून लगेच २०-२५ टक्के पाणी बदला, म्हणजे सुटलेला थर बाहेर जाईल. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने उपयुक्त जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नेराइट गोगलगायी हा थर आवडीने खातात, पण पाण्यातले अमोनिया-नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारे विषारी पदार्थ) शून्यावर येईपर्यंत त्यांना आणू नका, बिचाऱ्या मरतील. दोन-तीन महिन्यांनंतरही थर येतच राहिला, तर नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं सिलिकेट तपासा.