पुसण्यापूर्वी विचारावे, की पुसल्यावर परत द्यावे?

प्रश्न : मी लेखा विभागात काम करतो. आमची प्रणाली प्रत्येक नोंदीला ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असे विचारते आणि मी आता न वाचताच ‘होय’ दाबतो. वापरकर्त्याला त्याच्याच चुकांपासून वाचवणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे का?

उत्तर : ते सॉफ्टवेअरचे काम आहेच, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपण सांगता त्या पद्धतीने कोणाचाही चुकीपासून बचाव होत नाही. चूक झालीच, तर ‘तुम्हाला विचारले होते’ असे म्हणण्याची सोय तेवढी होते. वारंवार येणारा प्रश्न माणूस वाचेनासा होतो, यात त्याचा दोष नाही.

८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीज या दलाली संस्थेला जे-कॉम या कंपनीचा एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. प्रत्यक्षात ६,१०,००० शेअर प्रत्येकी एक येनला विकण्याचा आदेश गेला. पडद्यावर इशारा आला होता, तरी तो ओलांडला गेला. कंपनीचे एकूण शेअर जेमतेम १४,५०० असताना हा आदेश स्वीकारला गेला, आणि चूक कळल्यावर तो रद्द करण्याचे प्रयत्न बाजाराच्या प्रणालीतील दोषामुळे निष्फळ ठरले. नुकसान सुमारे ४,००० कोटी येन झाले. जे घडणे शक्यच नाही ते प्रणालीने नाकारायला हवे होते, आणि जे घडले ते मागे घेता यायला हवे होते. ही दोन्ही कामे इशाऱ्याकडून होणारी नव्हती.

म्हणून माझा भर परतीच्या वाटेवर आहे. जीमेल पाठवलेले पत्र ३० सेकंदांपर्यंत रोखून धरू शकते, त्यामुळे पाठवताना कोणालाही अडवावे लागत नाही. जेथे परतीची वाट नाही, तेथे मात्र अवश्य अडवावे, पण क्वचित आणि नेमकेपणाने : काय नष्ट होणार आहे ते नावानिशी सांगून. लिनक्स या संगणक-प्रणालीवरील ‘आरएम’ ही फाइली पुसण्याची आज्ञा संपूर्ण फाइल-व्यवस्था मुळापासून पुसण्यास आता आपणहून नकार देते. ज्याला खरोखरच तसे करायचे आहे, त्याला वेगळा पर्याय मुद्दाम टंकावा लागतो. जाणकाराचा अधिकार त्यामुळे अबाधित राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वतःची खासगी माहिती कायमची पुसू इच्छिणाऱ्याला ‘चुकून पुसाल’ या काळजीपोटी तिची प्रत गुपचूप जपून ठेवणे हे संरक्षण नव्हे. परत आणण्याची मुदत किती, हे त्याला आधीच कळले पाहिजे.

आपल्या क्षेत्राला हे नवे नाही. खतावणीत चुकीची नोंद खोडत नाहीत, तर तिच्या विरुद्ध बाजूची ‘उलट नोंद’ करून ती रद्द करतात. प्रणाली पुरवणाऱ्यांकडे हीच मागणी करा : प्रत्येक नोंदीवरील प्रश्न काढून टाका, उलट नोंद एका कळीवर द्या, आणि प्रश्न विचारायचाच असेल तर तो वर्षाचा हिशेब कायमचा बंद करताना विचारा.