इंजिन शेवटी बघ

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेल्या चारही जाहिराती वाचल्या. प्रत्येक गाडीबद्दल तुझे प्रश्न तेच आहेत: किती मैल पळाली, धूर येतो का, इंजिनाचा आवाज कसा आहे. पुण्या-मुंबईत जुनी गाडी घेताना हे प्रश्न बरोबर ठरतात. मिशिगनमध्ये जुनी, मोठी अमेरिकन गाडी घेताना मात्र क्रम उलटा लाव. शेवरोलेच्या ३५० घन इंचांच्या व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. सगळं इंजिन बदलायची वेळ आली तरी भाड्याची क्रेन आणि एक जाणता मित्र हाताशी असला की काम निभतं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, मात्र इथल्या रस्त्यावरच्या मिठाने आतून खाल्ली, तर तिच्या जागी नवी कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून आधी गाडीखाली शिर, मग डिकी उघड, मग आत बस आणि इंजिन शेवटी बघ.

मॉडेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या गाडीसाठी १९७७ ते १९९० मधली शेवरोले कॅप्रिस किंवा १९८५ पर्यंतची तिची साधी बहीण इंपाला घे. १९७७ मध्ये शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या गाड्या आखूड केल्या. कॅप्रिस २२३ इंचांवरून सुमारे २१२ इंचांवर आली आणि वजनही शेकडो पौंडांनी उतरलं, पण वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी हा जुना बांधा कायम राहिला. ब्यूक लसेबर आणि ओल्ड्समोबिल डेल्टा ८८ त्याच बांध्यावर होत्या, त्यामुळे भंगारवाड्यात सस्पेन्शन आणि ब्रेकचे भाग अजून सापडतात. त्याआधीची कॅडिलॅक दिसायला राजेशाही, पण लांबी २३० इंच, म्हणजे एकोणीस फुटांच्या वर. तुझं गॅरेज वीस फूट खोल असेल तर बॉनेटपुढे उभं राहायला जागा उरणार नाही. जाहिराती बघण्याआधी टेप घेऊन गॅरेज मोज.

चार दरवाजांचीच गाडी घे. दोन दरवाजांची कूपे सगळ्यांना हवी असते, म्हणून ती महाग. शिवाय १९७७ ते १९७९ च्या कूपेची मागची काच कोपऱ्यांत वाकवलेली आहे. ती फुटली की तशी दुसरी मिळवायला वर्षं जाऊ शकतात. सेडानच्या काचांची अशी पंचाईत नाही. स्टेशन वॅगनही छान, फक्त तिच्या चाकांच्या बोल्टांचं वर्तुळ ५ इंचांचं असतं आणि सेडानचं पावणेपाच, म्हणून एकीची चाकं दुसरीला बसत नाहीत.

बघायला जाताना जुने कपडे, टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ने. मागच्या चाकांच्या पुढे चासी जिथे वर उचलली जाते ती कमान, आणि चाकांच्या मागे बंपरकडे जाणारा तुकडा, या दोन जागांवर सगळा निकाल ठरतो. चासी तिथे पोकळ पेटीसारखी असते. आत चिखल आणि मीठ साचतं, वरून काळा रंग चकचकीत दिसतो आणि पत्रा आतून संपलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा टोक आत घुसलं, तर मालकाचे आभार मान आणि घरी ये. चासीला ताजा काळा लेप दिसला तर जास्तच जोराने ठोक.

मग डिकीतली चटई उचलून तळ बघ आणि सुट्या चाकाखाली हात घाल. छताला व्हिनाइलचं कापड असेल तर मागच्या काचेच्या कडेने बोटं दाबत जा. फुगवटा कुरकुरला तर खाली गंज आहे, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे काच काढणं, पत्रा जोडणं, पुन्हा रंग. चुंबक चाकांच्या वरच्या कमानींवर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. बंपर आणि बॉडीच्या मधले प्लास्टिकचे पट्टे भुगा होऊन पडलेले दिसतील. त्याने घाबरू नकोस, ते जवळजवळ सगळ्यांचे पडतात आणि नवे मिळतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडची गाडी मिळाली तर वाहतुकीचा खर्च बहुतेक वेळा सोसावा असाच असतो. तिथे उन्हाने डॅशबोर्ड तडकतो आणि सीटांचं कापड विरतं, पण चासी जिवंत राहते.

आता इंजिन. बॉनेट उघडण्याआधी डॅशबोर्डवरचा गाडीचा कारखान्यातला नंबर (व्हीआयएन, नंबरप्लेट नव्हे) वाच. १९८१ पासून तो १७ अक्षरी आहे आणि त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं. कॅप्रिसमध्ये H म्हणजे शेवरोलेचं ३०५ घन इंचांचं, Y म्हणजे ओल्ड्समोबिलचं ३०७ घन इंचांचं, N म्हणजे ५.७ लिटरचं डिझेल. N दिसला की ती गाडी सोडून दे. इंजिनाचं वरचं झाकण (हेड) धरून ठेवणारे त्याचे बोल्ट डिझेलच्या दाबाला पुरे पडत नसत, हेडखालची सीलपट्टी (गॅस्केट) जाई, आणि इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही मूळ गाडीत नव्हता. अशा बऱ्याच गाड्यांत नंतर पेट्रोल इंजिन बसवलं गेलं, म्हणून नंबर एक आणि बॉनेटखाली दुसरंच असंही दिसेल. ऐंशीच्या दशकातल्या कॅडिलॅकचं ४.१ लिटरचं इंजिनही टाळ. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर लोखंडी हेड, आणि कूलंट ऑइलमध्ये जाण्याची जुनी खोड.

मालकाला आधीच सांग की तू पोचेपर्यंत गाडी चालू करू नको, आणि पोचल्यावर रेडिएटरच्या नळीला हात लावून ती थंड असल्याची खात्री कर. चालू होताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, म्हणजे किरकोळ काम. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट गेलं आहे. ऑइलची पट्टी हुंग. पेट्रोलचा वास आला तर इंजिनावरच्या फ्युएल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी आहे. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, म्हणून नवा पंप लावून ऑइल बदलल्याशिवाय ती गाडी चालवत आणू नकोस. मालकाने परवानगी दिली तर आठही सिलिंडरचा कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घे. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांखाली नसावा आणि कुठलाही १०० पीएसआयच्या खाली नसावा.

गिअरबॉक्सकडे लोक बघत नाहीत आणि मग पस्तावतात. खालच्या तव्याला ११ बोल्ट आणि त्यावर 'मेट्रिक' असं उठवलेलं असेल तर तो नाजूक टीएच-२०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. १३ बोल्टांचा टीएच-३५० त्याच्यापेक्षा कितीतरी दणकट. ऐंशीच्या दशकातल्या चार गतींच्या गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरपासून एक केबल जाते. गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब ती ठरवते. कार्ब्युरेटर बदलणाऱ्याने ती सैल सोडली असेल तर क्लच थोडक्या मैलांत जळतात. म्हणून जाहिरातीत 'नवा कार्ब्युरेटर' असं मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असेल तिथे पहिल्यांदा ही केबल तपास.

गाडी घरी आली की हात आधी ब्रेककडे जाऊ देत. रेडिओ, रंग, चाकं सगळं नंतर. पोलादी नळ्या गंजलेल्या असतीलच. निकेल-तांब्याची नळी २५ फुटांच्या गुंडाळीत मिळते, ३/१६ आणि १/४ इंच अशा दोन्ही मापांची घे. ती हातानेही वाकते. टोकाला दुहेरी फ्लेअरच कर, म्हणजे नळीचं तोंड पसरून आत दुमडून घे. दाबून बसवायचे जोड ब्रेकच्या नळीवर कधीही नाही, दाबाखाली ते सुटतात. रबरी नळ्या तीन आहेत, पुढे दोन आणि मागे एक. तिन्ही बदल, आणि जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट-३ भर. गाडी जवळपास ३,७०० पौंडांची आहे, नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नकोस. चासीखाली तीन टनी स्टँड लाव आणि शिरण्याआधी गाडी हलवून बघ.

मग इंधन. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी नवी, जे३०आर९ असा शिक्का असलेली घे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर क्वाड्राजेट या मूळ कार्ब्युरेटरच्या तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपतं आहे. त्यांवर इपॉक्सी लावून ते बंद होतं, त्यासाठी नवा कार्ब्युरेटर नको. फिल्टरसकट ऑइल पाच क्वार्ट लागतं. जुन्या इंजिनांतले टॅपेट कॅमवर घासत चालतात, तेव्हा जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं १०डब्ल्यू-३० घे. टायमिंग चेनच्या वरच्या चक्राला नायलॉनचे दात असतात. ते जुने होऊन तुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. पाण्याचा पंप काढशील तेव्हा पुढे जाऊन हे चक्रही बदल.

एक बारीकसं, पण बोटं वाचवणारं. काच वर जात नाही आणि मोटर मात्र फिरते, असं झालं तर मोटरच्या आतले प्लास्टिकचे तीन ठोकळे मोडलेत. नवे स्वस्त आहेत. मात्र काच उचलणाऱ्या दातेरी पट्टीला स्प्रिंगचा ताण असतो. मोटर काढण्याआधी ती पट्टी बोल्ट घालून अडकवून ठेव, नाहीतर ती उसळते आणि बोट मध्ये सापडतं.

कागदांत टायटलवरचं (मालकीच्या दाखल्यावरचं) नाव विकणाऱ्याशी आणि त्यावरचा नंबर डॅशबोर्डवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळव. ओहायोची गाडी असेल तर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, आधीच केलेली सही घेऊ नकोस. विमा ठरलेल्या किमतीचा घे. साध्या पॉलिसीत चाळीस वर्षांच्या गाडीची किंमत भंगाराच्या भावाने धरली जाऊ शकते.

तुझ्या चारांपैकी ग्रँड रॅपिड्सची १९८५ ची सेडान मला बघण्यासारखी वाटते, कारण मालकाने मागचे बंपरचे पट्टे तुटलेले आहेत हे स्वतःहून लिहिलं आहे. बयाणा देण्याआधी मला पाच फोटो पाठव: मागच्या दोन्ही चाकांलगतची चासी, चटई काढलेला डिकीचा तळ, गिअरबॉक्सचा तवा आणि डॅशबोर्डवरचा नंबर. चासीचे फोटो ठोकून झाल्यावर काढ, आधी नको.

तुझा,
काका