पुण्यातील विश्रामबागवाड्याचा वापर काळानुसार कसा बदलत गेला?

दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधून घेतलेला, बाजीराव रस्त्यावरचा हा वाडा १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मूळ प्रयोजनाला मुकला. मात्र तो रिकामा राहिला नाही. पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत असलेल्या दक्षिणेचा निधी शिक्षणाकडे वळवून इंग्रजांनी १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज व त्यानंतर डेक्कन कॉलेज आकाराला आले. माझ्या मते वाड्याच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे, कारण पुण्यातील आधुनिक उच्चशिक्षणाची मुळे एका राजवाड्याच्या दालनांत रुजली, ही गोष्ट वाड्यासमोरून रोज जाणाऱ्या अनेक पुणेकरांनाही ठाऊक नसते. कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याला गेले.

१८७९ मध्ये लावलेल्या आगीत बुधवारवाडा पूर्णपणे नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग जळाला, तरी वाडा पुन्हा उभा करण्यात आला. विसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेचा आणि नंतर महापालिकेचा कारभार काही दशके येथून चालला. टपाल कार्यालयही येथेच होते.

आज महापालिकेच्या ताब्यातील ही वास्तू वारसास्थळ म्हणून जपली जाते. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि रस्त्याकडे झुकलेला नक्षीदार सज्जा मात्र आवर्जून, सावकाश पाहावा.