आठवण ही साठवण नव्हे

कोथरूडच्या एका वाचकांनी दोन प्रश्न विचारलेत. ‘मी विसरलो’ म्हणायचं की ‘मला विसरायला झालं’? आणि आठवणं म्हणजे डोळ्यांसमोर चित्र उभं राहणं, म्हणून ‘आठव’ हा शब्द ‘दृष्टी’वरून आला असं त्यांच्या परिचयातले एक संस्कृतचे जाणकार सांगतात, ते खरं का?

पहिल्याचं उत्तर: मी विसरलो. बाई असेल तर विसरले. एवढ्यावर थांबलो असतो, पण गेल्या महिन्यात माझ्या शिंप्यानं तिसऱ्या खेपेला मला ऐकवलं, “काका, तुमच्या सदऱ्याचं विसरायलाच झालं बघा!” गुदमरायला होतं, मळमळायला होतं, गरगरायला होतं. ही सगळी शरीराची दुखणी, त्यात माणसाचा काही इलाज नसतो. विसरण्याला त्या पंगतीत बसवलं की सदरा राहिला यात शिंप्याचा दोष उरत नाही, त्याला बिचाऱ्याला ते झालं! अंग काढूनच घ्यायचं असेल तर ‘विसर पडला’ हा चांगला घरचा प्रयोग आहे की. तुकोबांनीही ‘तुझा विसर न व्हावा’ असंच मागितलं, ‘मला विसरायला न व्हावं’ असं नाही.

मराठीनं विसरणाऱ्याला मुळात सोडलेलंच नाही. ‘मी छत्री आणली’ यात क्रियापद छत्रीकडे बघतं, म्हणून ‘आणली’. ‘मी छत्री विसरलो’ यात छत्री कर्म असूनही क्रियापद माझ्याकडे बोट दाखवतं. शिकणे, पिणे यांचंही तसंच: गणित शिकलो, चहा प्यायलो. उलट आठवायची वेळ आली की ‘मला छत्री आठवली’. विसरतो मी, आठवतं मात्र मला.

आता ‘दृष्टी’. ही व्युत्पत्ती ज्यांनी सांगितली त्यांनी ती कानानं तपासलेली दिसत नाही. दृष्टीची प्राकृतातून मराठीत ‘दिठी’ झाली, ज्ञानेश्वरीत ती पानोपानी भेटते. मग ‘आठव’मधला ‘द’ कुठे गेला? तो काय वाटेत शनिपाराला उतरला? अर्थ जुळतोय असं वाटलं की ध्वनींना हवं तसं वाकवायचं, ही खोड संस्कृत चांगलं येणाऱ्यांनाच जास्त असते, असा माझा अनुभव आहे.

खरी गंमत ‘ठ’मध्ये आहे. संस्कृत ‘स्थापयति’चं प्राकृतात ‘ठवेइ’ होतं, त्यातून आपलं ‘ठेवणे’. मागे उपसर्ग लावत चला. ‘उत्’ लावलात की उठवणे. ‘प्र’ लावलात की पाठवणे, म्हणजे पुढे नेऊन ठेवणं, रवाना करणं. ‘सम्’ लावलात की सांठवणे, आजचं साठवणे, म्हणजे एकत्र करून ठेवणं. आणि ‘आ’ लावलात की, माझं ठाम मत आहे, आठवणे! ‘आ’ हा दिशा आपल्याकडे वळवणारा उपसर्ग. गमन म्हणजे जाणं, आगमन म्हणजे येणं. दान म्हणजे देणं, आदान म्हणजे घेणं. तेव्हा आठवणं म्हणजे आपल्यापाशी आणून ठेवणं. पाठवणीच्या नेमकं उलट.

साठवण आणि आठवण सख्ख्या बहिणी आहेत, पण एक नव्हेत. आणि इथेच लोक घोळ घालतात. डोकं म्हणजे फडताळ, आठवणी म्हणजे त्यातल्या बरण्या, हवी ती काढली की झालं! अलीकडे बरण्यांच्या जागी मोबाइलमधले फोटो आलेत, एवढाच फरक. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली छापलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि मग पुनःपुन्हा सांगायला लावली. कथेतली कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट होडी, ही साधी बोट झाली, सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीला निघालेली पोरं मासे धरायला गेली. बरणीतून काढलेलं लोणचं असं मुरंबा होऊन बाहेर येत नाही. दर वेळी नव्यानं मांडामांड होते, म्हणजे आ-ठवण होते.

पटत नसेल तर माझी फजिती ऐका. परवा चहाच्या वेळी मी घरात विचारलं, विसाच्या नव्या, हिरवट पिवळ्या नोटेमागे काय छापलंय? बायको म्हणाली हंपीचा रथ, मुलगा म्हणाला लाल किल्ला. मी दोघांना हसलो आणि सांचीचा स्तूप सांगितला. नुसता सांगितला नाही, त्याचा घुमट मला लख्ख दिसत होता! पाकीट उघडलं तर वेरूळची लेणी. हंपी पन्नासच्या नोटेवर, लाल किल्ला पाचशेच्या, सांची दोनशेच्या. तिघांनीही चित्र खरंच आणलं, फक्त भलत्या नोटेवर नेऊन ठेवलं. २०१९ पासून ही नोट मंडईत रोज हाताळतोय, आणि वेरूळला चारदा जाऊन आलोय.

तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं म्हणजे बरोबर आठवलं, असं नाही. आणि आठवायला दिसावं लागतं, असंही नाही. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८० साली लोकांना आपलं न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं, तेव्हा कित्येकांनी आपल्याला काहीच दिसत नाही असं कळवलं. त्यांत नावाजलेले शास्त्रज्ञ होते, आणि न्याहारीला काय होतं ते त्यांना ठाऊक होतंच. या प्रकाराला ‘अफँटेशिया’ हे नाव मिळायला २०१५ साल उजाडलं. मराठीत त्याला कुणी ‘प्रतिमाहीनता’ म्हणतं. आजार वाटावा असा तो शब्द आहे. ‘त्याला आठवतं पण दिसत नाही’ एवढं सरळ वाक्य असताना कशाला हवा?

मूळ प्रश्नाचं एक राहिलं. ‘विसरणे’ हे सरळ ‘विस्मरति’वरून, त्यात वाद नाही. हिंदीनं ‘भूलना’ घेतलं, आपण तेच घेऊन ‘भुलणे’ केलं आणि मोहात पडण्याला लावलं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात ती भूलही त्यातलीच. माझा शिंपी कधी ‘भूल गया’ म्हणाला तर एकवेळ ऐकून घेईन, ‘विसरायला झालं’ नाही.