४५ पौंडांच्या काकू, की नोंदणीकृत चाइल्डमाइंडर?

स्लाउहून एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. बाळाचा जन्म १४ जुलैचा. १ जूनपासून त्यांना आठवड्यातले चार दिवस कामावर जायचं आहे, पगार वर्षाला २७,२०० पौंड. नवऱ्याला गेल्या वर्षी आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळालं आहे आणि त्यांचा पगार बोनस धरून ९९,२०० आहे. बाळासाठी तीन पर्याय त्यांच्यासमोर आहेत. ओळखीच्या मराठी काकू स्वतःच्या घरी दिवसाला ४५ पौंड रोख घेऊन सांभाळायला तयार आहेत. ऑफस्टेडकडे (शाळा-पाळणाघरांची सरकारी तपासणी संस्था) नोंदणी असलेली चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई, तासाला साडेसात पौंड आणि जेवणाचे रोज ५ सांगते. नर्सरी दिवसाला ७८ आणि वर जेवणखाण, नॅपी वगैरेचे ८ मागते. "काकू निम्म्या पैशांत होतात आणि बाळाच्या कानावर मराठी पडेल, तर नोंदणीचा आग्रह कशाला?" असं त्या विचारतात.

ताई, काकू निम्म्यात होत नाहीत. तुमच्या बाबतीत तर त्या तिघांत सगळ्यात महाग आहेत.

काकूंचे वर्षाचे ४८ आठवडे, चार दिवसांनी, ८,६४० पौंड झाले. तेवढेच दिवस, रोज दहा तास, चाइल्डमाइंडरचे १४,४०० आणि जेवणाचे ९६०, म्हणजे १५,३६०. इथपर्यंत तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त तो इथे थांबत नाही. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईवडिलांना नऊ महिन्यांपुढच्या मुलासाठी आठवड्याला ३० तास, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी खर्चाने मिळतात. एकूण १,१४० तास. ते ४८ आठवड्यांवर पसरले, तर आठवड्याला पावणेचोवीस तास फुकट आणि सव्वासोळा तासांचेच पैसे द्यायचे, ते वर्षाचे ५,८५० होतात. जेवण मिळवून ६,८१०. हे पैसे टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून भरले, तर तुमच्या प्रत्येक ८ पौंडांवर सरकार २ घालतं. तुमच्या खिशातून जातात ५,४४८, महिन्याला ४५४. काकूंपेक्षा ३,१९२ पौंड कमी. काकूंना यातली एक पेनीही लागू होत नाही, कारण दोन्ही योजना नोंदणीकृत सांभाळणाऱ्यांनाच आहेत.

शिवाय पैसे घेऊन, आपल्या घरी, आठ वर्षांखालचं मूल दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं तर इंग्लंडमध्ये नोंदणी सक्तीची आहे. काकू कितीही प्रेमळ असल्या, तरी हा व्यवहार बेकायदा आहे आणि काही झालं तर मागे विमा नाही. "मग काकूंनाच आमच्या घरी बोलावू" असंही तुमच्या मनात येईल. तसं केलंत की तुम्ही मालक होता. किमान वेतन, पेरोल, सगळं तुमच्या गळ्यात, आणि दहा तासांचे ४५ पौंड हे किमान वेतनाच्या निम्मेही नाहीत. काकूंना खरंच हे काम करायचं असेल तर त्यांनी प्रशिक्षण, लहान मुलांचं प्रथमोपचार, डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची तपासणी) करून नोंदणी करावी, असं मी मनापासून सुचवेन. स्लाउ-हाउन्स्लोकडे वरणभात भरवणारी नोंदणीकृत बाई मिळाली तर मराठी घरं रांग लावतील.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ वाचून मी थबकलो ती. शेवटी सहज लिहिलं आहे, "पुण्याचा फ्लॅट भाड्याने आहे, त्याचं काही धरायला नको ना?" धरायला हवं. या योजनांसाठी दोघांपैकी कोणाचंही ॲडजस्टेड नेट इन्कम (पेन्शनची रक्कम वजा जाता एकूण करपात्र उत्पन्न) एक लाख पौंडांवर गेलं की दोन्ही लाभ पूर्ण बंद. हळूहळू कमी होत नाहीत, एक पौंड वर गेला तरी सगळेच जातात. आणि त्या उत्पन्नात भारतातलं भाडं आणि भारतातल्या ठेवींचं व्याज येतं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज तिकडे करमुक्त आहे म्हणून इथे सुटत नाही. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे आणि सोसायटीचा खर्च वजा जाता भाडं साधारण १,८०० पौंड येतं, म्हणजे त्यांचं उत्पन्न १,०१,००० झालं. तुम्ही रेषेच्या आत आहात असं समजत होतात, प्रत्यक्षात हजाराने बाहेर आहात. त्या हजारापायी वर्षाला ९,९१२ पौंडांचा फटका.

उपाय सोपा आहे. नवऱ्याने सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे कर लागण्याआधीच पगारातून वळवून, पेन्शनमध्ये आणखी १,५०० टाकावेत. एक लाखाच्या वर पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्नाची मर्यादा) कापला जात असल्याने तिथल्या पौंडावर प्रत्यक्ष ६० टक्के आयकर बसतो, त्यामुळे या १,५०० साठी हातातला पगार साधारण ६७० नेच कमी होईल. उत्पन्न ९९,५०० वर येईल. व्याज, रुपयाचा दर, बोनस यांत थोडं इकडेतिकडे झालं तर ५०० ची फट पुरणार नाही, म्हणून मी तरी २,५०० टाका म्हणेन. पुण्याचं भाडं आजवर सेल्फ असेसमेंटमध्ये (स्वतः भरायच्या कर विवरणात) दाखवलं नसेल तर ते आधी करा.

नर्सरीबद्दल तुम्ही फारसं विचारलेलं नाही, पण तिला उगाच बाद करू नका. ५१ आठवड्यांचा तोच हिशोब मांडला तर साधारण ६,९०० येतात, म्हणजे चाइल्डमाइंडरहून दीड हजाराच्या आसपास जास्त. त्या पैशांत एक मोठी गोष्ट मिळते. एखादी सांभाळणारी आजारी पडली म्हणून नर्सरी बंद राहत नाही. चाइल्डमाइंडर एकटी बाई. तिला ताप आला की सकाळी सातला मेसेज येतो आणि तुमच्यापैकी एकाची रजा जाते. तुमचा एक दिवस बिनपगारी गेला तर हातातले साधारण ९४ पौंड गेले. वर्षात असे दहा दिवस आले की फरकातले साधारण ९४० संपले. तरी मी चाइल्डमाइंडरच्याच बाजूने आहे, कारण दोघांच्याही नोकऱ्यांत पगारी रजा भरपूर आहे आणि ही बाई तुम्हाला आवडली आहे असं पत्रावरून दिसतं. फक्त वाचलेले हजार पौंड वेगळ्या खात्यात ठेवा, त्या खात्यावर सुट्टीची खरेदी नको.

करारातला रजेचा कलम नीट वाचा. तिच्या स्वतःच्या चार आठवड्यांच्या रजेचे पैसे नाहीत हे ठीक. बँक हॉलिडेचे लागतात का? तुम्ही डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जाल, तेव्हा फी चालूच राहते का? बहुतेक ठिकाणी राहते. ३० तासांची योजना ती घेते का आणि तास वर्षभर पसरवून देते का हेही आधी विचारा, कारण हे तिच्यावर बंधनकारक नाही आणि माझं सगळं गणित त्यावर उभं आहे. ऑफस्टेडचा अहवाल वाचालच. तिच्या घरात सोळा वर्षांवरचं जे जे कोणी राहतं, त्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी झाली आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

राहता राहिली तारीख. बाळाला १४ एप्रिलला नऊ महिने होतात, पण सरकारी तास पुढच्या टर्मपासून, म्हणजे १ सप्टेंबरपासून सुरू होतात. वाढदिवस दोन आठवडे आधी असता तर १ एप्रिललाच मिळाले असते. त्यामुळे जून ते ऑगस्ट आठवड्याला ३२० पौंड पूर्ण पडतील, आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअरची मदत तीन महिन्यांत ५०० च्या वर जात नाही. बाळंतपणाच्या रजेत तुमची वार्षिक रजा साठत असते. एचआरशी बोलून ती जूनमध्ये लावा आणि बाळाला जुलैच्या मध्यावर सोडा, सहा आठवड्यांची १,९२० ची फी वाचेल. चाइल्डमाइंडरला एका वेळी एक वर्षाखालचं साधारण एकच मूल घेता येतं, त्यामुळे १४ जुलैनंतर जागा मिळणंही सोपं जातं. तुमच्या आई तेव्हा पाहुण्यांच्या व्हिसावर येणार असतील तर सवय लावायच्या आठवड्यांत त्यांचा आधार होईल, पण तो व्हिसा सहसा सहा महिन्यांचा असतो, वर्षांची सोय त्यावर बांधू नका.

इतर वाचकांसाठी एक खुलासा. वरचं गणित नवऱ्याला आयएलआर आहे म्हणून जमतं, दोघांपैकी एकाला सरकारी मदतीचा हक्क असला तरी चालतो. दोघांच्याही व्हिसावर तो नाकारलेला असेल, जसं स्किल्ड वर्करवर असतं, तर या दोन्ही योजना मिळत नाहीत. तीन वर्षांनंतरचे सर्वांसाठीचे १५ तास मात्र मिळतात. अशा घरात चाइल्डमाइंडरचे पूर्ण १५,३६० धरूनच दुसऱ्या पगाराचा विचार करावा.

ताई, ३० तासांचा कोड (सरकारकडे अर्ज केल्यावर मिळणारा क्रमांक) ३१ ऑगस्टच्या आत हातात हवा. १ सप्टेंबरला मिळाला तर तास जानेवारीत सुरू होतील. कोड आला की चाइल्डमाइंडरला द्या आणि दर तीन महिन्यांनी पात्रता पुन्हा नोंदवायची आठवण दोघांच्याही फोनमध्ये लावा.