चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटते, पण बार उडत नाही. रंजक वाढवावी का?

वाढवू नका, उलट कमी करा. घोड्याखालच्या वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भक्कन पेटते आणि नळीतला बार तसाच राहतो, म्हणजे चकमक आणि पोलाद यांनी आपलं काम केलंय. बहुतेक वेळा घोटाळा असतो तो कानात, म्हणजे वाटीतून नळीत जाणाऱ्या बारीक भोकात.

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचा, जांबोटी-कणकुंबीकडचा. रानडुकरं नि गव्यांपायी आमच्याकडे बऱ्याच घरांत पीक संरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक असते. गव्यावर झाडायला नव्हे हो, नुसता आवाज काढून हुसकायला. बहुतेक बंदुका टोपीच्या, म्हणजे घोडा आपटून स्फोटक टोपी फुटते आणि बार पेटतो अशा. चकमकीची मी हाताळली ती शेजारच्या एका आजोबांची, पण कानाचं दुखणं दोन्हींत एकच.

काळी दारू जळते तेव्हा तिचं निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन रूपात राहतं. ही काजळी हवेतलं पाणी ओढते. आमच्या पावसाळ्यात दोन बारांच्या मध्ये तिचा चिखल होतो आणि तोच कानात बसतो. मग बाहेर कितीही जाळ करा, आत ज्वाळा पोचणार कशी? म्हणून भरण्याआधी कानातून बारीक तार फिरवायची. वाटी, पोलादी झाकणाची आतली बाजू आणि चकमकीची धार कोरड्या फडक्यानं पुसायची. कंपनी सरकारचे शिपाईसुद्धा कान टोचायची तार आणि ब्रश बाळगत, तो काही शोभेचा दागिना नव्हता.

दुसरं दुखणं तेलाचं. निवडणूक लागली की आमच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. गंजू नये म्हणून देताना आपणच तेल पाजतो. परत आल्यावर ते नीट न पुसता दारू ओतली, तर कानाजवळची दारू तेलात भिजून पडते. नळी आणि कान कोरडे केल्याशिवाय भरायचंच नाही.

आता रंजक किती? वाटीचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धी. दाणा बारीक हवा, तो लवकर पेटतो. कानापासून लांब सारून ठेवा असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. जवळ असलेली बरी, फक्त भोकात कोंबू नका. कोंबलेली दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. वाटी काठोकाठ भरली तर झाकण नीट बसत नाही, ओल शिरते.

आणि रंजक सगळ्यात शेवटी. फौजेत काडतूस दातांनी फोडून आधी वाटी भरत, मग नळी. ती घाईची रीत होती, आपल्याला घाई कसली? घोडा (चकमक धरणारा खटका) खाली, वाटी उघडी ठेवून दारू, गोळी, मग गजानं ठासणं. मग घोडा अर्ध्यावर, रंजक, झाकण बंद. पावसाळी हवेत तासभर वाट बघत बसलात तर जुनी रंजक झटकून नवी घाला.

एवढं करूनही काही बार फुसके जाणारच. 1834 साली इंग्लंडात वूलिच इथं दोन्ही जातींच्या बंदुका 6000-6000 वेळा झाडून बघितल्या: चकमकीच्या 922 वेळा फसल्या, टोपीच्या 36 वेळा. आमच्या शेजारचं कित्तूर 1824 साली लढलं, तेव्हा कंपनीच्या हातात याच चकमकीच्या बंदुका होत्या.

ठिणगीच कमी पडत असेल तर ते दुखणं वेगळं. ठिणगी चकमकीची नसते, चकमकीनं खरवडलेल्या पोलादाचा कण हवेत जळतो. धार बोथट झाली असेल, किंवा झाकणाला सपाट न लागता एका कोपऱ्यानं लागत असेल. चामड्याचा तुकडा घालून चकमक घोड्यात घट्ट आवळा.

बार फसला तर लगेच तोंडाशी डोकावू नका. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा, कधी कधी उशिरा उडतो. मग कान टोचून थोडी नवी रंजक घाला आणि पुन्हा चाप ओढा. आणि काडतुसातली बिनधुराची दारू यात कधीही घालू नका, नळी फुटते.