गेटवे ऑफ इंडिया आणि समुद्रावरून दिसणारी मुंबई गेल्या काही दशकांत किती बदलली?

माझं आजोळ अलिबागजवळचं. चाळीस वर्षं मांडवा ते गेटवे लाँचने ये-जा चालू आहे, त्यामुळे तुम्ही विचारलेला बदल मी पाण्यावरूनच पाहत आले.

लहानपणी निम्म्या वाटेपर्यंत मुंबई म्हणजे नुसती राखाडी रेघ असायची. मग आई बोट दाखवायची, "तो बघ ताजचा घुमट." त्याच्या बाजूला 1973 चा ताजचा टॉवर आणि मागे शेअर बाजाराची 29 मजली इमारत, ती 1980 ची. उंच म्हणून लक्षात राहावं असं तेव्हा एवढंच. आजी त्या सगळ्या भागाला पालवाच म्हणायची, म्हणजे अपोलो बंदर. तिच्या लहानपणी यातल्या दोन्ही उंच इमारती नव्हत्या, फक्त जुना ताज आणि गेटवे.

ब्रिटनचे राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 मध्ये इथे उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी 1913 ची. बांधकामाआधी समुद्रात भराव घालावा लागला आणि उद्घाटन झालं 4 डिसेंबर 1924 ला. उंची 26 मीटर, म्हणजे आजच्या आठ-नऊ मजल्यांएवढी. समोरून येणारा सरळ हमरस्ता पैशांअभावी झालाच नाही, म्हणून शहराच्या बाजूने पाहिलं की कमान रस्त्याला तिरकी वाटते. ती सरळ दिसते फक्त समुद्रातून. शेवटची ब्रिटिश तुकडी 28 फेब्रुवारी 1948 ला याच कमानीखालून बाहेर पडली आणि दार म्हणून तिचं काम तिथेच संपलं. 1961 मध्ये समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला.

खरा बदल लाँचने मुंबईकडे येताना उजव्या हाताला झाला. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि गोदीच्या क्रेनमागे परळ-लालबागचं आभाळ भरत गेलं. जिथे गिरण्यांची धुराडी होती तिथे आता काचा चमकतात. माझे एक मामा गिरणीत होते, म्हणून ती बाजू मला अजूनही मोकळ्या मनाने बघवत नाही. त्याच्याही पलीकडे, हवा स्वच्छ असली की, 2024 पासून अटल सेतूची बारीक रेघ दिसते.

या गर्दीत गेटवे लांबून आता खेळण्याएवढा वाटतो. पण लाँच धक्क्याच्या शंभरेक मीटरवर आली की मागचं सगळं ताज आणि कमानीच्या आड जातं, दगड मोठा होत होत अंगावर येतो आणि क्षणभर आजीची मुंबई समोर उभी राहते. ओहोटी असेल तर खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. खलाशी मनगट धरून एकेकाला उतरवतो, "ताई, सांभाळून." तो हात मात्र चाळीस वर्षांत बदललेला नाही. वर चढल्यावर पूर्वी थेट मैदानात जाता यायचं. 2008 च्या हल्ल्यानंतर अडथळे आणि तपासणी आली, त्याला इलाज नाही.

तुम्हाला हे बघायचं असेल तर पावसाळा सोडून या, त्या दिवसांत लाँच बंद असते. आणि परतीच्या वाटेने, म्हणजे मांडव्याहून सकाळची पहिली लाँच धरा. पूर्वेचं ऊन तेव्हा थेट कमानीवर असतं आणि तो पिवळा बसाल्ट पिकलेल्या गव्हासारखा दिसतो.